माझं पहिलं पान

मित्रांनो, मी इंग्रजी शब्दांचं एक जुनं पुस्तक आहे. पण खरं सांगू, म्हातारं झालं होतं ते फक्त माझं पहिलं पान! बाकीचं अंग छापखान्यातून निघालं तसंच करकरीत. आमच्याकडे चीनमध्ये अशा पुस्तकांच्या सुरुवातीलाच एक क्रियापद असतं, 'अबँडन'. म्हणजे सोडून देणे. पोरं मोठ्या हौसेने ते पाठ करतात आणि लगेच मलाच सोडून देतात.

मानछिंगच्या दोन चुलत बहिणींनी असंच सोडल्यावर मी तिच्याकडे आलो. कॉलेजच्या प्रवेशपरीक्षेत तिला इंग्रजीनेच बुडवलं होतं, आणि ती पुन्हा बसणार होती. सकाळी अख्खा वर्ग उभा राहून घोकायचा. आठवडाभर तीही त्याच पानावर! शेजारच्या बाकावरची छ्यौयुए म्हणाली, "काय गं, म्हातारी होईपर्यंत हेच पान का?"

एकदा इंग्रजी शिकवणाऱ्या लूबाईंनी तो शब्द नीट फोडून सांगितला. "बसमध्ये छत्री विसरली, तर हा शब्द लागत नाही. परत वळायचंच नाही असं ठरवून पाठ फिरवली, की लागतो. बुडतं जहाज, अर्धवट बेत, पोटचं पोर." माझ्या तर अंगावर काटाच आला!

दुसऱ्या सकाळी मानछिंगने मला मागच्या बाजूने उघडलं आणि शेवटच्या पानापासून वाचायला घेतलं. वर्ग खो-खो हसला. ती मात्र हटली नाही. काय सांगू माझा आनंद! कधी न उघडलेल्या पानांवर तिखट तेलाचे डाग पडले, वाफवलेल्या पावाचा चुरा सांडला. परीक्षेच्या आदल्या सकाळी ती पहिल्या पानाला पोहोचली.

परीक्षा संपली, की वरच्या व्हरांड्यातून पुस्तकं फाडून उधळायची, ही आमच्याकडची रीत. त्या दुपारी अंगणात कागदांचा नुसता खच पडला.

"टाक गं तेही," छ्यौयुए म्हणाली. "आता काय त्याची पूजा करणारेस?"

मानछिंगने मला कठड्याबाहेर धरलं. संपलं, असं मला वाटलं. तेवढ्यात टर्रकन आवाज झाला. तिने माझं पहिलं पान फाडलं आणि वाऱ्यावर सोडून दिलं.

"निकाल काय लागायचा तो लागो," ती म्हणाली. "हे मी संपवलंय. हे माझ्याबरोबर येणार."

मित्रांनो, पुस्तकं फाडू नका, हे मी सांगायलाच हवं. पण आम्हाला कोरंही ठेवू नका. खुशाल मळवा, तेल सांडा, उलटीकडून वाचा; फक्त शेवटपर्यंत सोबत चला. माझ्यात आज 'अबँडन' नाही, आणि मानछिंगला तो शब्द अजून वापरावा लागलेला नाही.