ऑरव्हिल नावाचा वाचक

आमच्या ब्लॉगचा सर्वांत निष्ठावान वाचक कधी जन्मालाच आलेला नव्हता. त्याचे नाव ऑरव्हिल. मुक्काम केनोरा, आयुष्यभर कर्लिंग या बर्फावरच्या खेळाच्या मैदानावर बर्फ धरवण्याचे काम करून निवृत्त झालेला. मी आणि माझा मित्र डेझमंड कोवालचुक याने त्याला आमच्या थंडर बे शहरातल्या एका फिनिश उपाहारगृहात, पॅनकेक खाता खाता घडवले. ब्लॉग सुरू होऊन बरेच महिने लोटले होते, तरी एकाही लेखाखाली कोणी अवाक्षर लिहिले नव्हते. आणि रिकामी खानावळ बघून गिऱ्हाईक आत शिरत नाही, असे डेझमंडचे ठाम मत होते.

"एक म्हातारा बसवू या खिडकीशी," तो म्हणाला. "चांगला कुरकुऱ्या. त्याला बघून बाकीचे येतील."

"पण हे खोटं नाही का?"

"आर्वो, लेका, आपण टोस्टरवर लिहितो. कोर्टात साक्ष देत नाही."

खाते मी उघडले, माझ्याच फोनच्या क्रमांकावर; कारण डेझमंडचा फोन त्याच आठवड्यात मासे धरताना बर्फाच्या भोकातून सरोवरात गेला होता. पासवर्ड दोघांनाही ठाऊक होता. ज्याला सुचेल त्याने ऑरव्हिल व्हावे, असा करार होता.

ब्लॉगचे नाव आम्ही 'वॉरंटी संपल्यावर' ठेवले होते. त्याचे दोन नियम होते. स्वतःच्या पैशांनी विकत घेतलेल्या वस्तूविषयीच लिहायचे, आणि कोणत्याही पक्षाचा झेंडा उचलायचा नाही. मग आम्ही दात कसे घासले याचा अहवाल फोनवर पाठवणाऱ्या ब्रशाविषयी लिहिले. दार उघडण्यापूर्वी नव्या अटी मान्य करायला लावणाऱ्या फ्रिजविषयी लिहिले. निवडणुकीच्या दिवसांत दारोदार हिंडणारे उमेदवार आणि घरोघरी फिरून इंटरनेटच्या योजना विकणारे लोक यांचे बूट एकाच दुकानातले कसे असतात, यावर डेझमंडने लिहिलेला लेख तर विनिपेगपर्यंत पोहोचला. आणि प्रत्येक लेखाखाली ऑरव्हिल येऊन बसे. "पोरांनो, आमच्या वेळी फ्रिजला अटी नव्हत्या. त्याला लाथ घातली की तो चालायचा. माझ्या मेव्हण्याचंही तसंच होतं."

लोक खरेच आले. ते आमच्यासाठी आले की ऑरव्हिलसाठी, याचा छडा आम्ही कधी लावला नाही.

माझ्याविषयी सांगण्यासारखे थोडेच आहे. एका फर्निचर कंपनीच्या तक्रारी मी घरात बसून, पडद्यावरच्या छोट्या चौकटीत, ऐकून घेतो. कपाटाचा एक पाय आखूड निघालेल्या माणसाला, 'तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल आम्ही दिलगीर आहोत' असे दिवसभर लिहीत असतो. त्यामुळे संध्याकाळी माझ्यापाशी स्वतःचे असे शब्द फारसे उरत नसत, आणि जे उरत ते ब्लॉगवर जात. बोलण्याचे काम डेझमंडकडे असे. तो शनिवारी दुपारी येई, माझ्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीत उलटा बसे, आणि मी लिहिलेले मोठ्याने वाचून स्वतःशीच हसे. त्या हसण्यावरून मला कळे की वाक्य जमले आहे.

मग नगरपरिषदेची निवडणूक आली आणि मी एक गंभीर लेख लिहिला.

शहराने रविवारची एक बस बंद केली होती. मी त्या बसविषयी लिहिले. प्रवाशांचे आकडे दिले, खर्चाचे दिले, ती पुन्हा सुरू करू म्हणणाऱ्या उमेदवार बाईंचे नाव दिले, आणि त्यांना मत द्या असेही लिहिले. म्हणजे आमचा दुसरा नियम मी मोडला. का मोडला, ते मात्र लिहिले नाही. त्या बसच्या शेवटच्या थांब्यापाशी वृद्धांचे एक निवासगृह आहे. त्या शरद ऋतूत माझी आई तिथे राहायला गेली होती, आणि मला गाडी चालवता येत नाही. हे मी लेखात घातले नाही, आणि डेझमंडलाही सांगितले नाही. आईचे नाव काढताच माझा आवाज बदलतो. तो तसा बदललेला कोणी ऐकावा, हे मला सोसवत नाही.

लेख प्रसिद्ध झाला आणि थोड्याच वेळात ऑरव्हिल आला.

"बस? रविवारी? पोरा, रविवारी देवसुद्धा घरी बसला होता. मी केनोराहून चालत शाळेला जायचो, जाताना चढ आणि येतानाही चढ. या लेखकाला कोणी तरी एक बुटांचा जोड घेऊन द्या आणि त्याच्या हातातला तो आकडेमोडीचा ढोल काढून घ्या."

लोक खदखदून हसले. आमच्या ब्लॉगवर त्याआधी वा त्यानंतर इतके कधीही वाचले गेले नाही. माणसे ऑरव्हिलचे ते वाक्य उचलून इकडेतिकडे डकवू लागली, आणि बाईंच्या फलकाखाली कोणी तरी खरोखरच जुन्या बुटांचा एक जोड आणून ठेवला. बाई हरल्या. त्या तशाही हरल्याच असत्या.

मी भांडलो नाही. भांडायला आवाज लागतो. लेख चढवण्याचा डेझमंडचा अधिकार मी एका सकाळी काढून घेतला, आणि त्याने विचारले तेव्हा उत्तर दिले नाही. शनिवारी त्याने दाराशी येऊन घंटा वाजवली. मी आत, खिडकीपासून दूर, उभा राहिलो. त्यानंतर तो कॅल्गरीला नोकरीवर गेला, असे मला दुसऱ्याच कोणाकडून कळले.

ऑरव्हिलचा पासवर्ड मात्र मी बदलला नाही. राहून गेले, असे मी स्वतःला सांगत आलो.

त्यानंतरचा हिवाळा मी रविवारी चालत आईकडे जाऊन काढला. रस्ता लांब आहे, मधे रेल्वेचे रूळ आहेत, आणि सरोवरावरून येणारा वारा माणसाला बाजूला ढकलत राहतो. चालताना ऑरव्हिलचे ते बूट मनात येत, आणि त्यांचे मला हसू येत नसे. पुढच्या वसंतात, सरोवरावरचा बर्फ फुटायला लागला असताना, आई गेली. दफनाच्या वेळी चर्चमधल्या बायकांनी कॉफी केली, वेलचीचा पाव कापला. मी सगळ्यांचे आभार मानले. ब्लॉगवर त्या आठवड्यात मी एका नव्या इअरफोनविषयी लिहिले. बाहेरचा आवाज पूर्ण बंद करण्याची त्यांची क्षमता वाखाणण्यासारखी होती.

आणि या सप्टेंबरात, काहीही सूचना न देता, ऑरव्हिल परत आला.

किराणा दुकानातल्या स्वयंचलित गल्ल्याविषयीचा लेख होता. गिऱ्हाइकाने स्वतः माल मोजायचा, स्वतः पिशवी भरायची, आणि वर त्या यंत्राने त्याच्यावर चोरीचा संशय घ्यायचा, असे काहीसे मी लिहिले होते. त्याखाली: "पोरा, माझ्यावर संशय घेणारं यंत्र आमच्या घरीही होतं. मी तिच्याशी लग्न केलं होतं. लेख बरा आहे. शेवट ढिला."

शेवट ढिला होता हे खरे. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचले. पासवर्ड दोघांनाच ठाऊक होता, आणि लिहिणारा मी नव्हतो.

मी उत्तर दिले: "आभारी आहे, ऑरव्हिल. फार दिवसांनी आलात. तब्येत कशी आहे?"

"गुडघा सोडला तर बाकी सगळं दुसऱ्याचंच असल्यासारखं आहे. तू कसा आहेस?"

"बरा आहे," मी लिहिले. सगळ्या जगाला दिसेल अशा जागी.

असे सुरू झाले. मी लेख लिहीत असे, तो येई, आम्ही दोघे एकमेकांना अहोजाहो आणि अरेतुरे करीत थोडे बोलत असू. वाचकांना वाटे, म्हातारा परतला. माझी संध्याकाळ आता एका चौकटीभोवती फिरू लागली. पूर्वी मी लेखात विनोद घालीत असे, तो जगासाठी. आता घालीत होतो तो एका माणसाने कॅल्गरीत कुठल्या तरी खुर्चीत उलटे बसून हसावे म्हणून. पण ते हसणे मला ऐकू येत नव्हते. त्याला 'डेझमंड' म्हणून हाक मारावी असे रोज वाटे. पण हाक मारली आणि म्हातारा उठून निघून गेला, तर खिडकीशी कोणीच उरणार नव्हते.

नोव्हेंबरच्या एका शनिवारी, दुपार कलत असताना, मी नवा लेख चढवला. तो 'मी मीच आहे' हे दिवसातून किती वेळा सिद्ध करावे लागते, याविषयी होता. बँकेला सिद्ध करायचे, दवाखान्याला करायचे, चित्रांतले दिवेवाले खांब ओळखून पिझ्झाच्या दुकानालाही करायचे. ज्या सेवेवर आमच्या वाचकांची खाती होती तिनेही त्याच आठवड्यात नवी सुरक्षा आणली होती. आत यायचे तर फोनवर आलेला क्रमांक टाका.

लेख चढवून मी चहाचे पाणी ठेवले आणि फोन थरथरला.

'ऑरव्हिल, तुमचा प्रवेश-क्रमांक खाली दिला आहे. दहा मिनिटांत वापरा. तो कोणालाही सांगू नका.'

क्षणभर मला काही उमगले नाही. मग उमगले. खाते माझ्या फोनवर होते. कॅल्गरीत डेझमंडने दार ढकलले होते, आणि किल्ली माझ्या हातात येऊन पडली होती.

मी खुर्चीत बसलो. क्रमांक पाठवावा, तर 'तू आहेस हे मला पहिल्यापासून माहीत आहे' असे म्हणणे झाले. न पाठवावा, तर ऑरव्हिल आता कधीच आत येणार नव्हता. तक्रारदारांना लिहितो तशी चार वाक्ये मी फोनवर लिहिली आणि पुसली. पाणी उकळून आटले. क्रमांकाची मुदत संपली.

मग फोन पुन्हा थरथरला. दुसरा क्रमांक.

क्रमांक कोणत्या फोनवर जातो आहे, त्याचे शेवटचे दोन आकडे त्याच्या पडद्यावर दिसत असणार. ते कोणाचे हे त्याला पाठ होते. म्हणजे दाराआड कोण उभे आहे हे कळूनही त्याने पुन्हा घंटा वाजवली होती.

मी फोन लावला.

"हॅलो." मागे भांड्यांचा आवाज होता.

"मी आर्वो."

"माहीत आहे. हल्ली फोनवर नाव दिसतं. एवढी प्रगती झालीय."

"तुला तो क्रमांक हवा होता ना?"

"मला कशाला? म्हाताऱ्याला हवाय. थंडीत उभा आहे बिचारा."

"त्यात लिहिलंय की कोणालाही सांगू नका."

तो हसला. ते हसणे तसेच होते, थोडे नाकातून येणारे. मी टेबलाची कड घट्ट धरली.

"मग नको सांगूस," तो म्हणाला. "तू नियमाचा माणूस. बसच्या वेळी तेवढा मोडलास."

तो गमतीने म्हणाला होता. दुसरे काही बोलून मला ते वाक्य ओलांडता आले असते. तशी सवय मला आहे.

"त्या लेखात एक वाक्य राहून गेलं होतं," मी म्हणालो. माझा आवाज बदलला होता, आणि तो त्याला ऐकू जात होता. "त्या बसच्या शेवटच्या थांब्याला आई राहत होती. निवासगृहात. मी तिला भेटायला जायचो."

भांड्यांचा आवाज थांबला.

"आता कशी आहे ती?"

"गेली. या वसंतात."

तो म्हणाला, "आणि तू मला सांगितलं नाहीस."

"आपण बोलत नव्हतो."

"मी त्याच्या आधीचं म्हणतोय, मूर्खा. लेख लिहीत होतास तेव्हाचं. मी तुझ्या समोर बसलेलो असायचो. तुझी कॉफी प्यायचो. तुझ्या आईने विणलेले मोजे अजून माझ्या पायात आहेत, आत्ता, या क्षणी."

"मी आकडे दिले होते."

"आकडे! अरे, आकड्यांचीच टिंगल केली मी. तिची नाही केली."

"माहीत आहे."

"हे आत्ता कळतंय, की तेव्हाही कळत होतं?"

खिडकीबाहेर, धान्याच्या उंच कोठारांमागे, उजेड राखेच्या रंगाचा झाला होता. याचे उत्तर सौम्य करून देण्याच्या कितीतरी रीती माझ्याकडे होत्या. त्यांचाच मी पगार घेतो.

"तेव्हाही," मी म्हणालो.

"हं," तो म्हणाला. रागाचा सूर नव्हता, पण क्षमेचाही मला ओळखू आला नाही. कोणी ओझे खाली ठेवताना करतो तसा नुसताच एक आवाज. "क्रमांक गेला असेल ना एव्हाना?"

मी पाहिले. "गेला."

"जाऊ दे. परत नाही मागवत. आज काय खाल्लंस?"

"पर्शियन पाव."

"ताजा?"

"कालचा."

"कालचा पर्शियन म्हणजे गुलाबी साखर लावलेली वीट. इथे मिळत नाहीत रे ते. एका बेकरीवाल्याला समजावून सांगितलं, तर तो म्हणाला, हे डोनटच आहे. मी म्हटलं, बाबा, तू माझ्या गावाचा अपमान करतोयस..."

तो बोलत राहिला; बेकरीवाल्याविषयी, घरमालकिणीच्या बोलणाऱ्या दिव्यांविषयी, तिथल्या उमेदवारांच्या बुटांविषयी. खोलीत अंधार झाला. दिव्याचे बटण पलीकडच्या भिंतीवर होते, पण मी उठलो नाही. उठताना खुर्ची वाजली असती, आणि मला काही काम आहे असे समजून तो कदाचित म्हणाला असता, चल, ठेवतो.