शकुनाची मांजर

मी एक जुनं कातडं आहे. आत लामाची, म्हणजे इथल्या लांब मानेच्या लोकरी जनावराची, लोकर कोंबलेली, कानांना लाल गोंडे, गळ्यात देवाला वाहायच्या कोकाच्या पानांची इवलीशी पिशवी. पण मित्रांनो, मी जन्मापासून अशी नव्हते हो. मी रानमांजर होते. या उंच पठारावरची माणसं आम्हाला तिती म्हणतात. राखाडी अंगावर तांबूस ठिपके, आणि शेपटी तर जवळजवळ अंगाएवढी लांब, जाडजूड. तिचा मला भारी तोरा होता.

आमचं जगणं साधं. कपारीत राहायचं, खडकांवर ऊन खात बसलेले, सशासारखे पण लांब शेपटीचे प्राणी धरायचे, झऱ्यावर पाणी प्यायचं. तिथे झाड म्हणून नाही आणि वारा असा की हाडं वाजतात. माझ्या आईनं मला दबा धरायला शिकवलं, झेप घ्यायला शिकवलं. माणसाला भ्यायला मात्र शिकवलं नाही. तिला तरी कुठे ठाऊक होतं ते!

एका सकाळी झऱ्यावर मला एक बाई दिसली. एउसेबिया तिचं नाव. लामांचा कळप घेऊन आली होती. मला पाहताच तिनं डोक्यावरची टोपी काढली, गुडघे टेकले आणि माझ्यापुढे कोकाची पानं ठेवली. म्हणाली, "आलीस गं बाय. आमचं नशीब आपल्या पायांनी चालत आलं." मला वाटलं, काय भली माणसं आहेत ही! मी तशीच अंग चाटत बसून राहिले. दगड कुठून आला ते कळलंसुद्धा नाही.

तिच्या मुलानं, फोर्तुनातोनं, मागून गोफण फिरवली होती. एउसेबियानं माझं डोकं मांडीवर घेतलं. "माफ कर गं आई. दिसलेली तिती सोडली तर घराचं नशीबही तिच्यामागे निघून जातं," असं म्हणत ती रडत होती. खरंखुरं रडत होती, मित्रांनो. आपणच मारायचं आणि आपणच रडायचं? मी सुन्न झाले. अजूनही आहे.

पुढे माझा थाट काय विचारता! जिवंतपणी दगड आणि मेल्यावर नैवेद्य. पावसाळ्यात लामांच्या कानांत रंगीत गोंडे ओवायचा सण येतो. तेव्हा मला विणलेल्या कापडावर मांडायचे, माझ्यापुढे दारू शिंपडायचे, कोका वाहायचे. ज्या फोर्तुनातोनं दगड मारला तोही वाकून पाया पडायचा. एरवी मी सुकवलेल्या बटाट्यांच्या पोत्यांच्या वर, खुंटीला टांगलेली. एउसेबिया येता-जाता माझ्या पाठीवरून हात फिरवायची. तो हात मला आवडायचा, खोटं कशाला बोलू.

वर्षं गेली. मला कसर लागली. पाठीवरचे केस झडले, एक कान उंदरांनी कुरतडला. मग एका वर्षी थंडीनं लामांची पिलं मेली आणि खापर माझ्यावर फुटलं. फोर्तुनातोची बायको कासिल्दा मला झटकता झटकता म्हणाली, "सासूबाई, तुमच्या देवीला टक्कल पडलंय. ती काय राखणार आपला कळप?"

"तोंड आवर, कासिल्दा. तूही म्हातारी होशील एक दिवस."

"होईन की. पण मला कुणी खुंटीला टांगणार नाही."

तेवढ्यात फोर्तुनातो आत आला. "आई, झऱ्यावर तिती दिसली. केस कसे दाट आहेत तिचे! सणाआधी आणतो."

माझ्या पोटातली लोकरसुद्धा गारठली. कोण असेल ती? लेक, नात, पणती? आम्ही राहिलोच आहोत किती! या डोंगरात परकी तिती येणार कुठून? मी झिजले म्हणून आता तिनं मरायचं होतं.

एउसेबिया म्हणाली, "तिला राहू दे. मी हिलाच ठिगळ लावते. अजून पुष्कळ चालेल ही."

"दिसलेली सोडायची नसते, आई. हे मला कुणी शिकवलं?"

तो गोफण घेऊन गेला. मग म्हातारीनं मला मांडीवर घेतलं आणि उंबऱ्याशी बसून भराभर टाके घालू लागली. मी मनातल्या मनात म्हणत होते, शिव बाई, लवकर शिव. मला पुन्हा धडधाकट कर, म्हणजे तिची गरज उरायची नाही.

पाठ शिवून व्हायच्या आत तो परत आला. त्यानं पोतं माझ्याशेजारी ठेवलं. पोत्याबाहेर शेपटी लोंबत होती. जाडजूड, लांब.

"बसूनच राहिली गं," तो म्हणाला. "माझ्याकडे टकामका बघत होती. जवळ पिलू होतं, एवढंसं. पिलाला कोण मारतो? मोठं झालं की बघू."

एउसेबियाच्या हातातली सुई तशीच राहिली.

सणाला आम्हा दोघींना एकाच कापडावर मांडलं. तिला नवेकोरे गोंडे, मला अर्धवट ठिगळ. सारी भावकी गोळा झाली होती. एउसेबियानं दारू शिंपडली आणि दरवर्षीचं गाऱ्हाणं घातलं, "तितीबाई, तुझी पिलं जशी डोंगरात वाढतात, तशी आमची..."

आणि ती थांबली.

"सासूबाई, पुढे म्हणा ना," कासिल्दा हळूच म्हणाली.

"कोणत्या तोंडानं म्हणू?"

कुणीच वर पाहिलं नाही. शेवटी फोर्तुनातोनं ते गाऱ्हाणं घाईघाईनं पुरं केलं आणि तो लामा धरायला गेला.

मित्रांनो, आम्हाला नैवेद्य नको, गोंडे नकोत. ते पिलू अजून त्या कपारीत आहे. त्याला आई नाही, आणि माणसाची भीतीही नाही. तुमच्यापैकी कुणी कधी तिकडे गेलंच आणि ते पुढ्यात येऊन बसलं, तर हात जोडू नका. एक खडा उचला आणि त्याला लागणार नाही असा मारा. त्याला पळायला शिकवा.