नंबर मी दिला

पडद्यावरचा बाण आपोआप फिरत होता आणि करुणा दोन्ही हात मांडीवर ठेवून त्याच्याकडे बघत होती. बाण एखाद्या फाइलीवर जायचा, क्षणभर थांबायचा, ती उघडायचा, बंद करायचा, पुढे सरकायचा. टेबलावर मोबाइलचा स्पीकर चालू होता.

“ताई, जरा वेळ लागेल हं,” फोनमधला माणूस म्हणाला. “तुमच्या कॉम्प्युटरमध्ये फार व्हायरस शिरलाय. तोवर काही खाऊन घ्या. जेवण झालं का तुमचं?”

“नाही अजून. बाराच्या आत खायचंय. पौर्णिमा आहे.”

“अरे वा, उपवास! मग लवकर करू आपण.”

दाराशी बसलेल्या जळबानं मान वर केली. जळबा ग्रामपंचायतीचा शिपाई. पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडण्यापासून सरपंचांची चप्पल शोधून देण्यापर्यंत सगळं त्याच्याकडे होतं. तो हळूच म्हणाला, “ताई, आज जिल्ह्याचे साहेब लई गोड बोलून राहिले. बायको म्हायेराहून आली वाटतं.”

करुणानं ओठांवर बोट ठेवलं. पण तिलाही हसू आलं.

या गावच्या ग्रामपंचायतीत कॉम्प्युटरवर बसून तिला अकरा वर्षं झाली होती. सेनगावहून सकाळी साडेनऊची जीप, वीस मिनिटांचा रस्ता, मग कुलूप उघडणं, टेबल पुसणं, इन्व्हर्टरच्या बॅटरीतलं पाणी बघणं. जन्माचे दाखले, मृत्यूचे दाखले, घरकुलाच्या याद्या, घरपट्टीचा नमुना आठ. काही अडलं की जिल्ह्याला फोन लावायचा. तिथला माणूस म्हणायचा, नंबर सांगा. पडद्यावर एक नऊ आकडी नंबर यायचा, तो वाचून दाखवायचा, की मग तिकडे बसलेला माणूस इकडचा बाण फिरवायचा. अकरा वर्षं हे असंच चाललं होतं. फरक एवढाच की जिल्ह्याचा माणूस कधी चांगलं बोलत नसे. “जल्दी वाचा मॅडम, माझ्याकडं पाचशे गावं हायेत,” हे त्याचं पहिलं वाक्य आणि “हात लावू नका कशाला,” हे दुसरं.

आज सव्वाअकराला फोन आला तेव्हा नंबर ओळखीचा नव्हता. पण माणसानं तिचं नाव घेतलं, गावाचं नाव घेतलं, तुमच्या कॉम्प्युटरकडून आमच्याकडे धोक्याचा इशारा येतोय म्हणाला. आणि नंबर मागितला. तिनं वाचून दाखवला. विचार करावा असं त्यात तिला काही वाटलंच नाही.

“आणखी किती गावांचं करायचंय तुम्हाला?” तिनं विचारलं. माणूस इतकं आपुलकीनं बोलत होता, त्याला निदान एवढं विचारावं म्हणून.

“अहो, यादीच आहे समोर. तुमच्यानंतर कनेरगाव नाक्याकडच्या संगिता मॅडम. मग शिरड शहापूरकडचे दोन. संध्याकाळपर्यंत पूर्ण जिल्हा.” तो हसला. “बरं ताई, आता सरपंचांची आणि ग्रामसेवकांची डोंगल लावा. सहीची. त्याशिवाय व्हायरस मुळातून निघत नाही.”

करुणाचा हात ड्रॉवरकडे गेला आणि कडीवर थांबला. आत दोन डोंगल होत्या, रुमालात गुंडाळलेल्या. त्या लावल्या की कागदावर सरपंचांची आणि ग्रामसेवकांची सही उमटे. जिल्ह्याच्या माणसानं आजवर त्या कधी मागितल्या नव्हत्या.

“आहेत ना तुमच्याजवळ?”

“आहेत. ड्रॉवरमध्ये आहेत,” ती म्हणाली. “पण राठोड भाऊसाहेबांना विचारल्याशिवाय मी लावत नाही.”

“त्यांना काय विचारायचं? मी सांगतोय ना.”

“विचारून लावते.”

“लगा दे ना, बाई! टाइम खोटी मत कर!”

आवाज तोच होता आणि माणूस दुसराच होता. करुणा उठून उभी राहिली. भिंतीपाशी जाऊन तिनं मेनचं बटण बंद केलं, पण इन्व्हर्टर चालू असल्यानं कॉम्प्युटर बंद झाला नाही. टेबलाखाली वाकून तिनं वायर शोधली, ओढली, पण त्याआधीच पडदा निळा झाला होता. त्या माणसानं फोन ठेवून दिला होता. वायर पुन्हा लावली तेव्हा निळ्या पडद्यावर इंग्रजीत चार ओळी आल्या आणि खाली कुठलासा फोन नंबर. कुठलंही बटण दाबलं तरी त्या ओळी हलेनात.

“काय झालं ताई?” जळबा उभा राहिला.

“हे जिल्ह्याचे नव्हते, जळबादादा.”

तिनं आधी संगिताला फोन लावला. नंबर व्यस्त. पुन्हा लावला. व्यस्त. मग ग्रामसेवकांना लावला.

ग्रामसेवक सुदाम राठोड शेजारच्या तांड्यावरून मोटारसायकलवर आले तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, ड्रॉवर उघडून दोन्ही डोंगल खिशात टाकल्या आणि खुर्चीवर बसले.

“दाखल्यांच्या फायली?”

“ऑनलाइन आहे ते आहे. पण जुनं जन्ममृत्यूचं रजिस्टर मी टाइप करून ठेवलं होतं, ते यातच होतं. आणि घरकुलाची कागदं.”

“म्हणजे गेलं.”

“गेलं.”

राठोड वाईट माणूस नव्हते. निवृत्तीला सव्वा वर्ष राहिलं होतं, गुडघे दुखत होते, आणि तीन गावांचा कारभार एका मोटारसायकलवर चालत होता. त्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. काल संध्याकाळी चांगलंच कडाडलं होतं.

“वीज पडली,” ते म्हणाले.

“काय?”

“काल वीज पडली, कॉम्प्युटर जळालं. मी पंचनामा लिहितो, तुमी सही करा, जळबाची सही घेऊ. मागच्या साली दोन गावांत असंच झालतं, नवं कॉम्प्युटर भेटलं त्यांला. कोन्ही विचारत न्हाई.”

जळबानं लगेच मान डोलावली. “मी आयकली वीज. बराबर टाकीपाशीच पडली म्हणतो मी.”

करुणानं निळ्या पडद्याकडे पाहिलं. तिला दर वर्षी नवं पत्र मिळत असे, अकरा महिन्यांचं. ठेकेदार कंपनीचं. ते मिळालं नाही तर काय, हा विचार ती करत नसे, कारण त्याला शेवट नव्हता. नवरा जगन गेल्यापासून घर याच पगारावर होतं. सासू पद्माबाईंच्या गोळ्या, लेक सपनाची हिंगोलीतली अकरावी. आपण होऊन परक्याला नंबर वाचून दाखवला, हे कळलं तर ते पत्र येणार नाही, हे तिला राठोडांनी सांगायची गरज नव्हती.

तिनं पुन्हा संगिताचा नंबर लावला. व्यस्त.

“साहेब, तो एकेकाला फोन करून राहिलाय. यादी आहे त्याच्याकडं. संगिताचा फोन लागत नाही म्हणजे तो आत्ता तिच्याशीच बोलत असंल. ग्रुपवर टाकावं लागंल.”

“टाका की. ‘असे फोन येतात, सावध राहा.’ कोन्ही न्हाई म्हणलं? तुमचं नाव काहून घालता त्यात?”

करुणानं मोबाइल उघडला. जिल्ह्यातल्या सगळ्या संगणक परिचालकांचा ग्रुप होता, त्यात तालुक्याचे समन्वयकही होते. सकाळपासून फुलांची सात चित्रं आली होती. ती बोटानं वर सरकत गेली. परवाच्या तारखेवर तिचं बोट थांबलं. तिथं ठळक अक्षरांत सूचनाच होती. अनोळखी व्यक्तीस संगणकाचा ताबा देऊ नये, सावध राहा, सुरक्षित राहा. त्याखाली तीस-चाळीस जणांचे जोडलेले हात. त्यात तिचेही होते. तिनं ते पान राठोडांपुढे धरलं.

“ही परवा आली होती. मीबी हात जोडले. वाचली नव्हती.”

राठोडांनी वाचलं आणि मोबाइल परत दिला.

“सावध राहा म्हटलं तर कोणी उठत नाही, साहेब. माझं झालं म्हटलं तर उठतील.”

“अन् मंग वीज?” त्यांचा आवाज चढला. “ग्रुपवर तुमी एक लिहिणार अन् पंचनाम्यात मी दुसरं? डोंगल ड्रॉवरात ठेवायची न्हाई असं पत्र हाय. मला विचारतील, तुमच्या सह्या बाईच्या ड्रॉवरात काय करून राहिल्या होत्या? माझं सव्वा वर्ष राहिलं हो, ताई.”

“डोंगल लावली नाही, हेही लिहिते मी.”

“लई उपकार झाले!”

जळबा मध्ये पडला. “ताई, एक डाव ते शील बाजूला ठेवा. तुमचा देव काय हिंगोलीच्या आफिसात बसून हजेरी घेतो का?”

“देव नाही ते, दादा,” करुणा थकल्या आवाजात म्हणाली. सकाळी पांढरी साडी नेसून, पाच वाजता, बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावून तिनं आज पाचाऐवजी आठ शीलं घेतली होती. घेताना मनाशी हिशोब केला होता तो एवढाच, की डबा बाराच्या आत खायचा. बाकीची काय, खोटं न बोलण्याचं धरून, रोजचीच होती.

ती टाइप करायला लागली. अंगठा दोनदा चुकला.

‘नमस्कार. आज सव्वाअकरा वाजता मला फोन आला. जिल्ह्यातून बोलतो म्हणाला. नऊ आकडी नंबर मी दिला. माझा कॉम्प्युटर बंद पडला आहे, सगळं गेलं. तो आपल्या सर्वांची नावं घेऊन गोड बोलतो. डोंगल मागतो. मी ती लावली नाही. त्याचा फोन चालू असेल तर बोलत बसू नका, आधी वायर काढा. इन्व्हर्टरचीही. करुणा.’

पाठवलं. राठोड उठून बाहेर गेले. पायरीपाशी त्यांची मोटारसायकल दोन-तीन किकनंतर सुरू झाली आणि आवाज लांब गेला.

मग फोन वाजला. संगिता होती, तिला धाप लागली होती.

“ताई! अवं माझ्याकडं बाण फिरूनच राहिला होता! मी म्हणलं साहेबाला चहा पाजावा का काय, इतका गोड माणूस! तुमचा मेसेज दिसला अन् मी बोर्डातनं पिनच उपटली. भिंतीचा पोपडा आला हातात.”

“वाचलं ना सगळं?”

“सगळं हाय. पण ताई…” संगिता थांबली. “तुमी नाव काहून टाकलं? समन्वयक सर बी हायेत ना ग्रुपवर.”

“माहीत आहे.”

त्या दुपारी आणखी चार जणांचे फोन आले. शिरड शहापूरकडचा एक मुलगा रडकुंडीला आला होता. त्यानं नंबर वाचून दाखवला होता, पण वायर वेळेत काढली. ग्रुपवर कोणी लिहिलं, धन्यवाद ताई. कोणी लिहिलं, इतक्या वर्षांच्या अनुभवी लोकांनी असं केलं तर कसं व्हायचं. आणि खाली समन्वयकांचे दोनच शब्द, मला बोला.

चार वाजता जळबानं डबा उचलून पाहिला. “भरलेला हाय तसाच. खाऊन घ्या, कोन बघून राहिलं?”

“वेळ गेली, दादा. घरी न्या तुम्ही. मेथी आहे.”

पत्र नवव्या दिवशी आलं. सेवा थांबवण्यात येत आहे, कार्यभार शितल चव्हाण यांच्याकडे द्यावा. घरी पद्माबाईंना वाचून दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, “खरं सांगितलंस ना? मंग बस.” थोड्या वेळानं पाठ वळवून त्याच म्हणाल्या, “पण त्या गोळ्या आता एकाआड एक दिवस घेतल्या तर चालंल का, विचार डाक्टरला.”

शितल बावीस वर्षांची होती. तिला यायला अकरा वाजले, कारण जीप कुठं थांबते ते तिला माहीत नव्हतं. दुरुस्त होऊन आलेला कॉम्प्युटर रिकामा होता. करुणानं तिला खुर्चीवर बसवलं आणि सगळं दाखवलं. कपाटाचं दार उचलून उघडावं लागतं. प्रिंटरमध्ये एकावेळी दहाच कागद. उन्हाळ्यात दुपारी वीज जाते, तेव्हा दाखल्याची कामं आधी उरकायची. राठोड भाऊसाहेब येऊन यादीवर सही करून गेले. करुणाशी बोलले नाहीत, पण जाताना दाराशी थांबले. “पोरीला ते नंबरचंबी सांगा,” असं जळबाकडे बघत म्हणाले. त्यांच्याकडेही लेखी खुलासा मागितला होता.

“जिल्ह्याचा फोन आला तरी आधी ठेवायचा,” करुणानं शितलला सांगितलं. “मग आपण लावायचा, या नंबरवर. ते चिडतील. चिडू दे.”

“व्हय मॅडम.”

यादी संपली, किल्ल्या दिल्या. जीपला अजून अर्धा तास होता. करुणा लोक बसतात त्या बाकावर जाऊन बसली.

द्वारकाबाई आत आल्या तेव्हा सवयीनं त्या करुणाच्या टेबलाकडे निघाल्या, मग तिथं दुसरीच पोर पाहून गोंधळून वळल्या. महिन्यापूर्वी त्यांचा नवरा गेला होता. हातात प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्ड आणि अर्ज.

“तू इकडं काहून बसलीस, करुणा?”

“आता ह्या बघतील, मावशी. नवीन आहेत. सावकाश सांगा त्यांना.”

द्वारकाबाई टेबलापाशी गेल्या. शितलनं अर्ज उलटसुलट करून पाहिला. नवऱ्याचं नाव कोणीतरी घाईत लिहिलेलं होतं, शाई फुटलेली होती.

“मावशी, मयताचं पूर्ण नाव काय?”

नवऱ्याचं नाव त्यांच्या तोंडून आयुष्यात कधी निघालं नव्हतं. त्यांनी वळून बाकाकडे पाहिलं.

करुणा उठली. टेबलाच्या अलीकडे, द्वारकाबाईंच्या शेजारी येऊन उभी राहिली.

“लिही,” ती म्हणाली. “रतनसिंग. त्यातला सिंग जोडून. पुढे वडिलांचं, शंकरसिंग. तेही जोडूनच. आधारवर तसंच आहे, वेगळं झालं तर वारसनोंदीच्या वेळी परत पाठवतात.”

शितल एका बोटानं अक्षरं शोधू लागली. बाहेर रस्त्यावर जीपनं हॉर्न दिला, थांबली, पुन्हा दिला. करुणा पडद्याकडे बघत, एकेक अक्षर होईपर्यंत थांबून, पुढचं सांगत राहिली.