भोपळाबाईचा अंगरखा

मी एक जुना, कापूस ठासून भरलेला अंगरखा आहे. हसू आले ना? येऊ द्या. मित्रांनो, लोकांना हसवण्यासाठीच माझा जन्म झाला.

मला शिवले एका नटीच्या थोरल्या बहिणीने. नटी अंगाने अगदी काडी. चित्रपट तेव्हा मुके होते आणि कंपनीच्या मालकांना धडपडणारी लठ्ठ बाई हवी होती. म्हणून ताईने पुढे पोट, दंडांवर गोळे, कमरेला हा एवढा घेर केला आणि पाठीवर नाडी ओवली. ही नाडी नटीला स्वतःला सोडता येत नसे. सकाळी ताई तिला माझ्यात कोंडायची आणि संध्याकाळी बाहेर काढायची.

पहिल्याच चित्रपटाने ती ‘भोपळाबाई’ झाली. ती जिन्यावरून गडगडली की प्रेक्षक थिएटर डोक्यावर घेत. कौतुक माझेच चालले आहे असे वाटून मी हवेत असे! आत ती बिचारी घामाने निथळत असे. चित्रपटात आवाज नव्हता, त्यामुळे पडताना ती तोंडाला येईल ते ओरडायची. “अगं बाई, मेले! वाचवा!” मग कॅमेरावाल्यासकट सगळे पोट धरून हसत.

एकदा ती मालकांना म्हणाली, “साहेब, एक तरी काम मला माझ्या अंगाने करू द्या ना.”

“अगं, याच्याशिवाय तुला ओळखणार कोण?” मालक म्हणाले. “चल, हौदाचा शॉट लावलाय.”

हौदात पडायचे आणि बाहेर यायचे, एवढेच होते. पण मी पडलो कापसाचा. पाणी पिऊन जड झालो आणि तिला घेऊन बुडू लागलो.

“नाडी सोडा! खरंच बुडतेय मी!” ती ओरडली.

“वा! आज रंगात आलीये,” दिग्दर्शक म्हणाले. कॅमेरावाला हॅण्डल फिरवीत राहिला. माझा जीव कासावीस झाला, पण अंगरख्याला कुठले हात? होते ते तिचेच, आणि तेही माझ्यातच अडकलेले.

गमतीत ओरडताना ती नाडीचे नाव कधीच घेत नसे. ते फक्त ताईला ठाऊक होते.

“हसताय काय? बुडतेय ती!” म्हणत ताई कात्री घेऊन हौदात उतरली आणि तिने माझी पाठ उभी फाडली. मित्रांनो, त्या कात्रीचा मला कधीच राग आला नाही.

ती वाचली. पण नेमका तोच शॉट सर्वांत गाजला आणि मालकांनी मला पुन्हा शिवून घेतले. ती दुसऱ्या कंपनीत आपल्या अंगाने काम मागायला गेली, तर दारावरच्या माणसाने विचारले, “आपण कोण?” ती परत आली आणि ताईकडे पाठ करून उभी राहिली.

“आवळ,” एवढेच म्हणाली. ताईने नाडी आवळली. त्या दिवसापासून मात्र ताई कात्री कमरेला खोचून कॅमेऱ्यामागे उभी राहू लागली.

पुढे दोघीही गेल्या. मी या संग्रहालयात काचेच्या कपाटात आलो. नवा कापूस भरून माझी नाडी घट्ट बांधली आहे. शेजारच्या पडद्यावर तो हौद दिवसभर चालू असतो आणि तुम्ही खदखदून हसता. जरूर हसा, ती होतीच तशी गुणाची. पण एकदा तिच्या ओठांकडे नीट बघा. ती काय म्हणते आहे, ते आता तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्यातही सगळ्यांना हसवणारे कुणीतरी असेलच. ते कधी ‘वाचवा’ म्हणाले, तर आधी जवळ जा. हसायचे ते नंतर हसा.