कर्नलसाहेबांची सुरई

बाबाजाननं चमचाभर दारू पितळी वाटीत ओतली आणि काडी ओढली. निळा जाळ उठला, वाटीभर फिरला आणि विझला. मग दुसऱ्या सुरईतली चमचाभर घेतली. पुन्हा निळा जाळ. तिसऱ्या सुरईतलीही तशीच पेटली. तीन वाट्या, तीन जाळ, आणि तिन्हींत तिळाएवढा फरक नाही.

"मरा तिकडं," तो सुरयांना म्हणाला.

सकाळचे नऊ वाजले होते. भिंगारच्या छावणीत चर्चची घंटा वाजत होती. आज बडा दिन, साहेबांचा नाताळ. बारा वाजता मेसच्या व्हरांड्यात साहेबलोक जमणार, प्रत्येकाच्या हातात गरम पंचचा पेला द्यायचा आणि मग एक वाजता जेवण. एकतीस वर्षं हा पंच बाबाजाननं केला होता. मेसचा आबदार तो. पाण्यापासून दारूपर्यंत पेल्यात जे जे पडेल ते त्याच्या हातचं. पंचला लागायची रम दोन भाग आणि ब्रँडी एक भाग. समोरच्या तीन सुरयांत एक रम होती, एक ब्रँडी आणि एक व्हिस्की. कुठली कुठली, ते त्याला कळत नव्हतं.

मेसची रीत अशी, की बाटली टेबलावर जायची नाही. दारू काचेच्या सुरईत ओतायची, सुरईच्या गळ्यात चांदीचा बिल्ला अडकवायचा आणि बिल्ल्यावर दारूचं नाव. बाबाजानला इंग्रजी वाचता येत नसे, आणि त्यावाचून त्याचं कधी काही अडलंही नाही. बूच काढायचं, नाक न्यायचं, झालं काम. यंदा स्वातंत्र्य आलं, गोरे साहेब विलायतेला गेले आणि जाताना मेसची चांदी पेट्यांत भरून घेऊन गेले. बिल्लेही गेले. बाबाजान मनात म्हणाला, न्या खुशाल, माझं नाक थोडंच नेताय?

पण नाकही गेलं. दिवाळीनंतर त्याला ताप भरला तो अठरा दिवस उतरला नाही. उठून पहिला चहा तोंडाला लावला, तर हातात चहा आहे की गरम पाणी ते समजेना. त्यानं कांदा फोडून नाकाशी धरला. रॉकेलच्या डब्यावर वाकून पाहिलं. शेवटी सुरय्यानं, त्याच्या बायकोनं, मागं ठेवलेली अत्तराची कुपी उघडली. तिला जाऊन बारा वर्षं झाली होती. कुपीत वासच नव्हता. त्या दिवशी तो खोलीचं दार लावून बराच वेळ बसून राहिला.

त्यात तो आजारी असताना कोठीला चुना दिला गेला आणि सुरया खाली काढून पुन्हा वाटेल तशा मांडल्या गेल्या. जिन पाण्यासारखी, ती डोळ्यांना कळली. पोर्ट लाल, तीही कळली. शेरी काडीला पेटत नाही. राहिल्या या तिघी, सारख्या रंगाच्या, सारख्या पेटणाऱ्या.

सांगायचं तरी कुणाला? सप्टेंबरात त्याची लेक मेहताब आणि जावई अलीम कराचीला गेले. जाताना मेहताबनं त्याचे दोन्ही हात धरले होते. "अब्बा, चला. इथं कोण आहे तुमचं?" त्यावर तो ऐटीत म्हणाला होता, "माझ्याशिवाय मेस चालायची नाही, बेटी." मेसमधले खानसामे गेले, वाढणारे दोन बेरे गेले, हा एकटा राहिला. परवा तिचं पत्र आलं होतं. तेच विचारलं होतं, या वेळी जरा रागानं. ते पत्र अंगरख्याच्या खिशात होतं. आता नाक गेलं म्हटल्यावर ते 'माझ्याशिवाय' कुठं राहिलं? लेकीला त्या एका शब्दावर परतवली होती आणि तो शब्दच खोटा पडायला आला होता.

एक उपाय होता. त्यानं मधल्या सुरईतली चमचाभर घेतली आणि चमचा ओठांपर्यंत नेला. एकतीस वर्षं तो दारूत हात घालून जगला, पण थेंब जिभेला लागू दिला नव्हता. मोहल्ल्यातले लोक चेष्टा करायचे, दारूखान्यातला नमाजी म्हणायचे. तो म्हणायचा, चाकरी हातांची आहे, जीभ माझी आहे.  त्यानं चमचा वाटीत उपडा केला.

"बाबाजान, लिंबं किती तोडू? दरसालावानी बाराच ना?"

दारात मच्छिंद्र माळी उभा होता. पाथर्डीकडचा गडी, लढाईच्या आधीपासून मेसच्या बागेत होता. डोक्याला मफलर, पायात मातीनं भरलेल्या वहाणा.

"बाराच. आणि आत पाय घालू नको, फरशी पुसलीय."

"काय जळालं का? वास येतुया."

"कशाचा वास? तू लिंबं आण."

मच्छिंद्र गेला. याला चाखायला लावावं, असं क्षणभर बाबाजानच्या मनात आलं आणि त्याचं त्यालाच हसू आलं. गावठीवर पोसलेली जीभ ती! शिवाय याला सांगितलं, की संध्याकाळपर्यंत भिंगारच्या बाजारात बोभाटा. त्यानं डोळे मिटले, अल्लाचं नाव घेतलं, मधली सुरई रम म्हणून धरली आणि डावीकडची ब्रँडी म्हणून.

पुढचं सगळं हातांना पाठ होतं. चहाचं पाणी उकळून गाळलं. साखर विरघळवली. लिंबाची साल पांढरं न लागेल अशी पातळ काढली, जायफळ किसलं, चार लवंगा टाकल्या. वाफ तोंडावर आली. ही वाफ यायची तेव्हा दर वर्षी त्याला कळायचं, की झालं, आता काही घालायचं नाही. आज नुसतंच तोंड ओलं झालं.

बारा वाजता व्हरांड्यात सात जण होते. गेल्या साली चाळीस होते, मडमा आणि पोरं धरून. नवे कॅप्टनसाहेब साताऱ्याकडचे, मिशा नुकत्याच राखायला लागलेले. दोन लेफ्टनंट, एक डॉक्टर, बाकीचे पाहुणे. बडा दिन पाळायचा की नाही यावर आधी थोडा खल झाला होता. मेसची रीत आहे म्हणून पाळायचा ठरलं. बाबाजाननं पेले फिरवले आणि तो खांबाशी जाऊन उभा राहिला.

कॅप्टनसाहेबांनी घोट घेतला. डोळे मिटले.

"वा! हाच तो. कर्नलसाहेबांच्या वेळचा पंच."

"तुम्ही तेव्हा घेतला होता, सर?" लेफ्टनंटनं विचारलं.

"नाही रे, ऐकून आहे. सगळ्या छावण्यांत नाव होतं याचं."

डॉक्टरांनी दुसरा पेला मागितला. एकानं कृती विचारली. धाकटा लेफ्टनंट हसत म्हणाला, "बाबाजान, तुमच्याशिवाय ही मेस चालायची नाही बघा."

बाबाजाननं सलाम केला. वाचलो, असं त्याला वाटायला हवं होतं. पण त्याचं लक्ष एकेका तोंडाकडं होतं. कुणीतरी जरासं थबकेल, भुवई चढवेल, पेल्यात वाकून पाहील, याची तो अजून वाट बघत होता. कुणीच थबकलं नाही. भट्टी जमली होती की बिघडली होती, हे त्याला ठाऊक नव्हतं आणि त्या सातांनाही ठाऊक नव्हतं. उद्या यांना लिंबाचं सरबत गरम करून दिलं तरी वा म्हणतील. ज्यांना कळलं असतं ते सगळे बोटीत बसून गेले. मेस त्याच्याशिवाय चालली असती, खुशाल चालली असती, आणि हे त्याला त्याच्याच कौतुकातून कळत होतं. त्याला इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं, मेहताबचा टांगा स्टेशनकडं वळला तेव्हाही नाही.

तीनच्या सुमाराला व्हरांडा रिकामा झाला. बाबाजाननं मोठं भांडं मागच्या पायऱ्यांवर आणून ठेवलं. मच्छिंद्र आपलं टमरेल घेऊन आधीच बसला होता. ही त्याची दरसालची वहिवाट. बड्या दिनाच्या जेवणानंतर भांड्यात उरेल तो पंच त्याचा, आणि दुसऱ्या दिवशी सुरया धुवायच्या आधी प्रत्येकीच्या तळाशी राहिलेली बोटभरही त्याची. बाबाजान एकेक सुरई त्याच्या टमरेलात उपडी करायचा आणि म्हणायचा, घे, ही पाद्रीबाबांची राहिली, ही डॉक्टरसाहेबांची. गोऱ्यांचा जुना डॉक्टर, तो ब्रँडीवाला. आबदार माणसांना त्यांच्या दारूवरूनच ओळखायचा.

मच्छिंद्रानं घोट घेतला. गिळला नाही, तोंडात घोळवला. मग गिळून टमरेलात बघत राहिला.

"बाबाजान."

"काय?"

"रागावू नगा. पन ह्ये आपलं न्हाई."

बाबाजानच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. "म्हणजे काय? साहेबलोकांनी दोन-दोन पेले घेतले."

"घेतले आस्तील. त्येस्नी काय ठावं?" मच्छिंद्रानं आणखी एक घोट घेतला आणि मान हलवली. "लिंबू हाय, जायफळ हाय, दाक्तरसायेब बी हायेत. पन लंगडं कॅप्टनसायेब न्हाईत ह्यात. त्येंच्या जागी दुसरंच कुनी येऊन बसलंय."

लंगडे कॅप्टन म्हणजे रमवाले. बर्माच्या लढाईतून पाय गमावून आले होते आणि बड्या दिनाला रम पिऊन बागेच्या कट्ट्यावर बसून रडायचे.

बाबाजान पायरीवर बसला. एकतीस वर्षांत तो त्या पायरीवर माळ्याशेजारी कधी बसला नव्हता. त्याचे डोळे भरून आले, आणि ते त्यानं फडक्यानं पुसले नाहीत.

"माझं नाक गेलंय, मच्छिंद्र. तापात गेलं."

"मला वाटलंच हुतं."

"तुला कसं वाटलं?"

"पंधरा दिस झालं, तुमच्या खिडकीखाली शेनखताचा ढीग टाकलाय. दरसाली लांब टाकला तरी तुमी वरडायचा, ह्या साली ब्र न्हाई. म्या म्हनलं, म्हातारं लेकीच्या दुःखात आसंल. मंग सकाळी कोठीत जळका वास, आन तुमी म्हनता कशाचा."

"आणि पंधरा दिवस तू तो ढीग तसाच ठेवलास?"

"वरडाल म्हनून वाट बघत हुतो की!"

बाबाजान उठला. आत गेला आणि तिन्ही सुरया एकेक करून पायरीवर आणून ठेवल्या. सोबत चमचा. उन्हात तिघींचा रंग सारखाच दिसत होता.

"सांग," तो म्हणाला.

मच्छिंद्रानं हात धोतराला पुसले. डावीकडच्या सुरईतली चमचाभर घेतली आणि लगेच म्हणाला, "ही दाक्तरसायबाची." उजवीकडची चाखली. तिला वेळ लागला नाही. "ह्ये बगा, हितं हायेत लंगडं कॅप्टनसायेब. गुळावानी लागत्यात आन मागनं जाळत्यात." बागेतले वेल बांधायची सुतळी त्याच्या कमरेला होतीच. एकीच्या गळ्यात एक गाठ मारली, दुसरीच्या दोन.

मग मधली. सकाळी रम म्हणून ओतलेली ती हीच. मच्छिंद्रानं चमचाभर घेतली, डोळे बारीक केले, आणखी चमचाभर घेतली.

"ही न्हाई ठावं."

"नीट चाख ना."

"चाखली की. लई भारी हाय, घरातल्या चुलीच्या धुरावानी हाय कायतरी. पन ही माज्या टमरेलात कधी आली न्हाई. ही कधी उरलीच न्हाई, बाबाजान."

बाबाजाननं सुरई उचलून उजेडात धरली. निम्मीच राहिली होती. आठ वर्षं बड्या दिनाला कर्नलसाहेब व्हरांड्याच्या पहिल्या खुर्चीवर बसायचे. पंचला हात लावायचे नाहीत, आपली स्कॉच व्हिस्की घ्यायचे, आणि उठताना सुरई उलटी करून त्याला दाखवायचे. थेंब नसायचा. तुला धुवायची गरज नाही, म्हणायचे. जाताना शेवटची बाटली त्यांनी त्याच्या हातात दिली होती. त्यानं ती या सुरईत ओतून जपून ठेवली होती. तीतल्या निम्म्या दारूत आज त्यानं लिंबू पिळलं होतं, साखर घातली होती आणि चहाचं पाणी घातलं होतं.

"कर्नलसाहेबांनी मला गोळी घातली असती," तो म्हणाला आणि हसायला लागला. हसता हसता त्याला खोकला लागला. मच्छिंद्रानं त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि मग तोही हसला.

हसू ओसरल्यावर मच्छिंद्रानं विचारलं, "हिला तीन गाठी मारू?"

"हिला नको."

बाबाजाननं मच्छिंद्राचं टमरेल घेतलं. त्यातला पंच पायरीखालच्या मातीत ओतून दिला, टमरेल फडक्यानं आतून कोरडं केलं आणि कर्नलसाहेबांची सुरई त्यावर वाकवली. पूर्ण वाकवली, शेवटचा थेंब पडेपर्यंत. मग रिकामी सुरई उलटी करून त्यानं व्हरांड्याकडं धरली. तिथं पहिल्या खुर्चीवर कुणी नव्हतं.

"घे," तो मच्छिंद्राला म्हणाला. "ह्या साली उरली."

मच्छिंद्रानं टमरेल दोन्ही हातांत धरलं, पण लगेच तोंडाला लावलं नाही.