उरलेला बोल्ट आणि सत्तावीस तास

मी जोतीरामाच्या ट्रॅक्टरचं इंजिन बोलतोय. आज आवाज जरा बसलाय, समजून घ्या. सत्तावीस तास सलग चालू होतो. मध्ये चहापुरतीसुद्धा सुट्टी नाही. का, ते ऐका.

जन्म माझा कारखान्यातला, पण तिथलं काही आठवत नाही. मला कळायला लागलं ते जेऊरला आल्यावर. चाळीस वर्षांपूर्वी जोतीराम मला घेऊन आला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता आणि गावभर पेढे वाटत सुटला होता. त्याच वर्षी त्याचं लग्न झालं. लग्नातले पेढे ट्रॅक्टरच्या पेढ्यांपेक्षा बारके होते, असं त्याची बायको दगडाबाई अजून ऐकवते.

मी नांगरलं, पेरलं, ऊस ओढला, चिखलात रुतलेल्या एसट्या बाहेर काढल्या. कामाला कधी नाही म्हटलं नाही. मग गावात नवे चकचकीत ट्रॅक्टर आले, आणि आम्हाला लिंबाखाली उभं केलं ते सहा वर्षं! एका कोंबडीनं सीटवर तीन पिढ्या वाढवल्या. भाडं तर सोडाच, साधी ओळखसुद्धा दाखवत नव्हती.

यंदा गणपतीला शिवराज आला. शिवराज म्हणजे जोतीरामाचा मुलगा. सोलापुरात नवी पेठेत त्याचं कापडाचं दुकान आहे. आला तो थेट माझ्यापाशी, आणि पावलं टाकत लिंबाखालची जागा मोजायला लागला. त्याला तिथं कार लावायची होती.

"आबा, हे भंगारात देऊन टाकू. ट्रकवाला बघून ठेवलाय."

"भंगार?" जोतीराम ताडकन उठला. "तुझ्या शाळेची फी कुणी भरली रं? ह्येनं. घरच्या घरी चालू करून दावतो, बघ तू."

"खंडेनवमीला येतो मी. चालू झालं तर राहू द्या. नाही तर त्याच दिवशी ट्रक येईल."

जोतीरामाला मला चालवता येत होतं, खोलता येत नव्हतं. गावचा सिद्धू मिस्त्री आला, त्यानं मला लांबूनच हात जोडले आणि निघून गेला. पण जोतीराम हट्टाला पेटला होता. मी भंगारात गेलो असतो तर म्हातारा खचला असता, हे मला ठाऊक होतं. त्याची सगळी तरणी वर्षं माझ्यावर बसून गेली होती.

पडवीत माझं ऑपरेशन सुरू झालं. पिस्टन दगडाबाईच्या परातीत डिझेलमध्ये भिजत पडले. बारके नट मिसळणाच्या डब्यात, मोहरीच्या शेजारी. हेड, क्रँक आणि बाकीचा अवजड संसार दगडाबाईच्या लोखंडी कॉटवर. दिवसा तिथं मी, रात्री ती.

"परातीत आता भाकरी थापू का पिस्टन?" दगडाबाई विचारायची.

एके दिवशी जेवताना जोतीरामाच्या दाताखाली आमटीत कडकन काहीतरी आलं. दुसरा कुणी असता तर ताट फेकून उठला असता. ह्यानं तोंडातून नट काढला, धोतराला पुसला आणि आनंदानं ओरडला, "सापडला की! परवाधरनं हुडकतोय!"

हेड आवळायला किती जोर लावायचा, हा मोठा प्रश्न होता. जोतीरामानं पान्याला लांब पाईप लावला आणि बायकोला सांगितलं, "लोंबकळ." दगडाबाई पदर खोचून लोंबकळली. प्रत्येक नटाला एकदा. तुम्हाला खोटं वाटेल, पण कारखान्यातसुद्धा मला इतकं नेमकं आवळलं नसेल.

ह्या सगळ्यात ती रोज एकच मागणं मागत होती.

"अवं, कॉट लई कुरकुरतीय. बघा की जरा."

"इंजिन हुं दे. मग बघतो."

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी पुरा जोडून झालो. आणि खाली एक बोल्ट उरला.

चांगला लांब, काळा, अर्धा इंच जाडीचा बोल्ट. मी अंगभर चाचपून पाहिलं. एकही भोक रिकामं नव्हतं. तो बोल्ट माझा नव्हताच! पण मला विचारतो कोण? जोतीरामाचा चेहरा पडला. त्यानं तो मला सतरा ठिकाणी लावून पाहिला. मला नुसत्या गुदगुल्या झाल्या.

शेवटी त्यानं बोल्ट खिशात टाकला. बॅटरी केव्हाच गेली होती, म्हणून दारापुढच्या उतारावरून आठ जणांनी मला ढकललं. गिअर टाकला, क्लच सोडला... धड् धड् धड्! दुपारी बरोबर बारा वाजता मी चालू झालो. लोकांनी शिट्ट्या मारल्या. जोतीरामानं मला फिरवून आणलं, परत उताराच्या तोंडाशी लावलं, चाकाला दगड दिला. मी म्हटलं, आता बंद करील. तर त्याचा हात खिशातल्या बोल्टावर गेला.

"बंद क्येलं आन् परत चालूच न्हाई झालं तर?"

झालं! मला बंद करायचं नाही, असं ठरलं. दुपार गेली, रात्र गेली. लोक आपापल्या कॅनमधून डिझेल आणून ओतू लागले. येणारा प्रत्येक जण बोल्ट हातात घेऊन बघायचा. एक म्हणाला पंपाचा, दुसरा म्हणाला गिअरपेटीचा, तिसऱ्यानं नुसतंच "अवघड हाय" म्हणून तो परत दिला. दगडाबाईनं माझ्या बॉनेटवर पापड वाळवले. मी थकलो होतो हो, पण सांगायचं कुणाला?

दुसऱ्या दिवशी तीन वाजता पांढराशुभ्र शर्ट घालून शिवराज आला. मला चालू बघून चकित झाला, पण व्यापारी माणूस! म्हणाला, "छान. आता बंद करून परत चालू करून दाखवा."

जोतीरामानं खिशातला बोल्ट चाचपला. "दावतो की. आदी च्या घे. बस, बस तितं."

शिवराज कॉटवर बसला. कर्रर्र... धाडकन! एक पाय निखळला आणि साहेब कपबशीसकट जमिनीवर.

"आट दिस झालं कोकलतीय मी!" दगडाबाई कडाडली. "कॉट कुरकुरतीय, कॉट कुरकुरतीय!"

जोतीराम वाकला. निखळलेल्या पायाचं रिकामं भोक बघितलं. हळूच खिशातला बोल्ट काढून त्यात घातला. नेमका बसला. तो माझ्याकडे वळला तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"म्हंजी तू पुरा हाईस की रं," तो म्हणाला, आणि त्यानं मला बंद केलं.

गावात एकदम इतकी शांतता झाली, की कुणीतरी गेलं असं समजून लोक धावत आले. पण ते पोचेपर्यंत शिवराजला धीर नव्हता. त्यानं बापाला सीटवर बसवलं, दगड काढला, बाह्या सारल्या आणि एकट्यानंच मला ढकललं. उतार निम्मा सरला, मी ढिम्म. खाली सपाटी दिसायला लागली. जोतीरामानं क्लच सोडला, मी फक्त एक उचकी दिली. "चल की रं बाबा!" हे मागून शिवराज ओरडत होता! त्या हाकेसरशी मी सगळं बळ एकवटलं आणि पेटलो. माझा पहिला काळाकुट्ट धूर त्याच्या पांढऱ्या शर्टावर गेला. खोकत खोकतच त्यानं ट्रकवाल्याला फोन लावला, "येऊ नका."

आता मी लिंबाखाली आहे. गळ्यात झेंडूची माळ, कपाळाला हळदकुंकू. आणि मुख्य म्हणजे, बंद आहे.

दगडाबाईनं कॉटचा तो एक बोल्ट तेवढा आवळून मागितला. जोतीरामाला आता हुरूप आलाय. तो म्हणाला, हात घातलाच आहे तर पुरं काम करू. त्यानं सगळी कॉट खोललीय. तिचे नट परातीत डिझेलमध्ये भिजतायत. दगडाबाई खाली घोंगडीवर बसून त्याच्याकडे बघतेय, आणि पाईप हाताशी घेऊन बसलीय.

तुम्ही कधी जेऊरला आलात तर मला भेटायला जरूर या. फक्त एवढी कृपा करा, तुमच्या गाडीचं काही कुरकुरत असेल, तर ते जोतीरामासमोर बोलू नका.