डुगडुगणारं टेबल

माझ्या भाचीने विद्यापीठात परदेशी मुलांसाठी हाताने काम करत शिकायची खोली उभी केली. टेबलं मी बनवली. पहिल्या दिवशी मुलं आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. कोऱ्या करकरीत हत्यारांना कोणी हात लावेना. विभागप्रमुख बाई दारातून बघत होत्या. खोली वापरात आली नाही तर इथे पुन्हा बाकं मांडू, असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

भाचीने घाबरून मोठ्या टेबलावर हात टेकला, तर ते डुगडुगलं.

"मामा, हे काय?" ती दातओठ खात कुजबुजली.

"फरशी वाकडी आहे."

"हो ना, नाचता येईना, अंगण वाकडं!"

तेवढ्यात एका उंच मुलीने वाकून टेबलाचा पाय तपासला. एका मुलाने लाकडाचा तुकडा आणला, तिसरीने करवत उचलली. एकमेकांची भाषा धड येत नव्हती, तरी खाणाखुणा करत, खिदळत सगळी जमिनीवर बसली. टेबल स्थिर झालं तोवर खोलीभर भुसा पसरला होता.

"बाकं राहू द्या गोदामात," बाई हसत म्हणाल्या.

"मामा, पुढच्या वर्षीही असंच टेबल हवं हं!"

"मुद्दाम डुगडुगतं करायचं तर मजुरी दुप्पट पडेल," मी म्हटलं.